वैनगंगेपलीकडचं धुणं

“भंतेजी, खोटं बोलणारं माणूस ओळखायचं कसं?”

विचारणारी होती विशाखा गणवीर, आणि विचारलं कुणाला, तर भंते खेमकांना. भंते राहायचे वैनगंगेच्या काठावरच्या विहारात, आणि ती त्यांची शिष्या राहायची सातासमुद्रांपलीकडे, जगाच्या न्यायालयात.

विड्या वळणाऱ्या जनाबाईची ही लेक. लहानपणी याच विहारात बसून गाथा पाठ केल्या. मग भंडाऱ्यात वकील झाली, नागपुरात न्यायाधीश झाली आणि तिथून थेट त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसली. एकट्यादुकट्या खुनाचं काम तिथे चालत नाही. ज्यांनी गावंच्या गावं जाळली, त्यांना तिथे उभं करतात.

अशी बाई कुणाला काही विचारायला येते होय? पण आली होती.

भंते तिच्या पायांकडे बघत होते.

“चप्पल,” ते म्हणाले.

विशाखाने खाली बघितलं. चपलेसकट आत आली होती ती. जन्मात कधी असं झालं नव्हतं.

फरशी पुसणारी पंचफुला फिसकन हसली. “राहू द्या भंतेजी. साहेब आहे ती आता.”

“साहेब तिकडे. इथे फरशी ओली आहे.”

विशाखा चप्पल बाहेर ठेवून आली आणि बसली. बसली कसली, टेकली.

“सोमवारी निकालावर सही करायची आहे. आम्ही तिघं न्यायाधीश. एक जण म्हणतो, दोषी. दुसरी म्हणते, सोडा. मी म्हणेन ते होणार.”

“तू काय म्हणतेस?”

“लिहून झालंय माझं. सोडा.”

“मग कर सही.”

“हात चालत नाही, भंतेजी.”

भंतेंनी काठी बाजूला ठेवली.



“नावं सांगता येणार नाहीत मला,” ती म्हणाली.

“मागितली कुणी?”

“एक सेनापती आहे. त्याने एक वस्ती बुडापासून संपवली, असा आरोप. तिथे त्याला डोळ्यांनी बघितलेली साक्षीदार एकच. म्हातारी आहे. तिचं खरं मानलं, तर तो जन्मभर तुरुंगात. खोटं मानलं, तर हार घालून मिरवत परत जाईल… तिच्याच मुलखात.”

“तू खोटं मानलंस.”

आता विशाखाची मान ताठ झाली. “तीस वर्षं चेहरे वाचतेय मी. जीभ खोटं बोलते, चेहरा नाही बोलत. घरी बकऱ्या किती होत्या, हे सांगताना ती म्हातारी ओक्साबोक्शी रडली. आणि दोन्ही नातवांना विहिरीत टाकलं, हे सांगताना? डोक्याचा रुमाल नीट करत होती! डोळे कोरडे ठणठणीत. बकऱ्यांना रडते आणि नातवांना नाही? शिकवून आणलेली साक्ष. दुसरं काय?”

“दुसरं काय,” भंते म्हणाले.

पंचफुलाचा फडका फरशीवर तसाच थांबला होता.

“तिची भाषा तुला येते?”

“छे! त्या डोंगराबाहेर कुणालाच येत नाही ती. काचेच्या खोलीत एक दुभाष्या बसतो, तो तिचं बोलणं फ्रेंचमध्ये सांगतो. त्याचं ऐकून दुसरा इंग्रजीत. ते माझ्या कानात.” तिने दोन्ही कानांना बोटं लावून दाखवली.

“म्हणजे आधी ती बोलते. मग तो. मग दुसरा. मग तू ऐकतेस.”

“हो. पण फार पक्की माणसं आहेत ती. एक शब्द गाळत नाहीत.”

“नसतील गाळत.”

भंते काठी टेकत उठले आणि घाटाकडे चालू लागले. विशाखा मागे निघाली. पायऱ्या तापल्या होत्या आणि घाईत चप्पल राहूनच गेली होती. तिने घड्याळात बघितलं. संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. हे उत्तर कधी देणार?

नदीचं पात्र तिथे चांगलंच रुंद. पलीकडच्या काठावर एक वरठी, म्हणजे धोबी, दगडावर धुणं आपटत होता. इथून बोटाएवढा दिसायचा, बघा.

“आवाज येतो?”

फट्ट.

“येतो.”

“आवाज येईल तेव्हा धुणं कुठे असतं, सांग.”

“दगडावर. आणखी कुठे असणार?”

“न्यायाधीश ना तू? बघून सांग.”

फट्ट.

विशाखाने बघितलं आणि डोळे बारीक केले.

फट्ट.

“डोक्यावर,” ती हळूच म्हणाली. “आवाज येतो तेव्हा धुणं त्याच्या डोक्यावर असतं. हवेत.”

“आणि दगडावर पडतं तेव्हा?”

“तेव्हा… काहीच ऐकू येत नाही.”

“मग वरठी लबाड,” भंते म्हणाले. “शिकवून आणलेला.”

 विशाखा तिथेच पायरीवर बसली.

म्हातारी रडत होती तेव्हा आपल्या कानात बकऱ्या होत्या. कानात होत्या… पण म्हातारीच्या ओठांवर? तेव्हा तिच्या ओठांवर काय होतं? नातू?

तिने फोन काढला. दोनदा चुकीचा आकडा दाबला, तिसऱ्यांदा लागला.

“सही थांबवा. हो, माझी. म्हातारीच्या साक्षीची चित्रफीत काढून ठेवा… नाही, दुभाष्यांचा आवाज नको. तिचाच आवाज हवा. जसा आला तसा.”

फोन ठेवला. आधी एकाच सहीची भीती होती. आता ती पसरत चालली, तेल पाण्यावर पसरावं तशी.

“भंतेजी… आठ वर्षं त्या खुर्चीत बसतेय मी. याआधी किती जण उभे राहिले समोर. किती जणांचे चेहरे मी असेच…”



फट्ट, पलीकडून आलं.

 भंतेंनी काठी उचलून खाली दाखवली. शेवटच्या पायरीला एक डोंगा लागलेला होता.

“नावाडी बसलाय अजून,” ते म्हणाले. “पलीकडे जाऊन, दगडापाशी उभी राहून ऐकून ये.”