तात्यांची पिशवी

एका गावात कुमुद नावाची एक गृहिणी होती. साखर कुठे काय भावाने मिळते, हे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई. कोपऱ्यावरचे किराणा दुकान, मंगळवारचा आठवडी बाजार आणि हमरस्त्यावर नव्याने उघडलेले गार हवेचे मोठे दुकान, तिन्हीकडे ती चौकशी करून येई. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की कुमुद भाव सांगे आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली तिकडे वळे. यात वाईट काहीच नव्हते. कष्टाचा पैसा जपून खर्च करणाऱ्याला नावे ठेवू नयेत.

किराणा दुकान गुरपादअण्णांचे. कुमुदचे सासरे तात्या, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, रोज सकाळी पिशवी घेऊन तिथे जात. एक दिवस मीठ, एक दिवस पोहे. सामान एवढेसे, पण घरात शिरताना ऐट अशी, की जणू गाडीभर माणसे सुखरूप पोचवून आले आहेत.

एकदा कुमुदच्या लक्षात आले, की अण्णांकडे साखर आणि तूरडाळ दोन्ही मोठ्या दुकानापेक्षा महाग आहेत. तिने तो शोध ओट्यावर जाहीर केला आणि तात्यांनाही बजावले, "उद्यापासून मोठ्या दुकानात जायचं."

तात्या घुटमळले. "गुरपादकडंच जातो की गं."

"चार रुपये जास्त घेतात ते! कशाचे?"

तात्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेले तात्या दुपार झाली तरी परतले नाहीत. मोठ्या दुकानात विचारले, तर "आजोबा साखर घेऊन केव्हाच गेले" असे उत्तर मिळाले. कुमुदने अख्खा बाजार पालथा घातला. शेवटी, जिथे तोंड दाखवायची लाज वाटत होती, त्या अण्णांच्या दुकानापाशी ती रडत आली. बाजाराचा दिवस, दारात गिऱ्हाइकांची ही गर्दी. अण्णांनी तिचा चेहरा पाहिला, हातातले माप खाली ठेवले आणि भर गर्दीत शटर ओढले.

"रडू नका वैनी. वाट चुकले की तात्या जुन्या डेपोकडंच जातेत."

आणि खरेच, बंद पडलेल्या डेपोच्या फाटकापाशी तात्या बसले होते. मांडीवर साखरेची पिशवी, ओठ कोरडे पडलेले. अण्णांना पाहताच ते लहान मुलासारखे हसले.

तात्या पाणी पीत असताना कुमुदने अण्णांना बाजूला घेतले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"वर्ष झालं, त्यांना परतीची वाट आठवत नाही. एकदोनदा डेपोपाशी सापडले, तेव्हापासून रोज मीच तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून येतो."

"आणि मला बोलला नाहीत?"

"हात धरून म्हणाले, सुनेला सांगू नको, पिशवी काढून घेईल. त्या पिशवीच्या जोरावरच हिंडतेत हो ते."

आपले माणूस वर्षभर कुणी सांभाळत होते आणि आपण त्याच्याकडे चार रुपयांचा जाब मागत होतो! कुमुदचे डोळे भरून आले. तिथेच, रस्त्यात, तिने वाकून अण्णांना नमस्कार केला.

संध्याकाळी ओट्यावर बायकांनी विचारले, "काय गं, साखर कुठं स्वस्त?"

"मोठ्या दुकानात. खोटं कशाला सांगू?" कुमुद म्हणाली. "पण आमचं सामान अण्णांकडूनच येणार. तिथं मिळतं ते दुसरीकडं मिळत नाही."

"असं काय मिळतं?"

कुमुद नुसती हसली. तात्यांचे गुपित तिने ओट्यावर मांडले नाही.

सकाळी तात्या कोपऱ्यात बसून होते. आता पिशवी काही आपल्या हाती येत नाही, हे त्यांनी मनाशी धरले होते. कुमुदने खुंटीवरची पिशवी काढून त्यांच्यापुढे धरली.

"तात्या, पोहे संपलेत."

"कुठून आणू?" त्यांनी भीत भीत विचारले.

"कुठून म्हणजे? अण्णांकडून!"

तात्या ताठ उभे राहिले आणि चपला शोधू लागले.

तात्पर्य: भाव दहा ठिकाणी विचारावा, पण ज्याने कसलाही मोबदला न घेता आपले माणूस जपले, त्याचे उपकार हिशेबात धरायला कधी विसरू नये.