पुसलेली काळी रेघ

आमच्या शाल्मलीनं खालच्या मोघेकाकूंच्या पिल्लाला दोन दिवस आपल्या डब्यातल्या मनुका भरवल्या. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. मनुका कुत्र्याला विष असतात हे पाच वर्षांच्या मुलीला कुठून ठाऊक असणार? तरी "मी मारलं का?" असं ती विचारत राहिली, आणि मला झोप लागेना. चांगल्या आया अशा वेळी काय सांगतात कोण जाणे. मी ही कथा सांगितली.

पूर्वी वेत्रवती नगरीत दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायामात्य होऊन जन्मला होता. तिथल्या रंगाऱ्यांच्या आळीत एक रिवाज होता. ज्या मडक्यात रंगासाठी विषारी मोरचूद भिजवायचा त्याच्या गळ्याला काळी रेघ ओढायची, आणि त्यात पिण्याचं पाणी कधी भरायचं नाही.

सुतनुका नावाची नवी सून आली. हौसेनं तिनं सगळी मडकी राखेनं घासली, रेघही गेली. त्यातलंच एक भरून तिनं वाटसरूंसाठी दारात ठेवलं. एक वाटसरू ते पाणी प्याला आणि संध्याकाळी मेला. दुसऱ्या दिवशी आळीतली सुईण प्याली. तीही मेली.

राजसभेत सासू म्हणाली, "सांगत होते, इतकं घासू नये. माहेरी मडकं पाहिलं नव्हतं जणू."

राजा म्हणाला, "दोन जीव गेले. हिला सुळी द्या."

"महाराज, हातानं काय केलं ते दिसलं," बोधिसत्त्व म्हणाला. "मनाला काय ठाऊक होतं ते विचारू द्या." तो सुतनुकेकडे वळला. "मुली, तुला कधी कळलं?"

'आत्ताच' म्हणाली असती तर ती सुटली असती. पण तिनं खरं ते सांगितलं.

"वाटसरू मेला त्या संध्याकाळी. तळाशी हिरवट डाग दिसला. पण मडकं उलटं केलं असतं तर आळीनं कारण विचारलं असतं."

"वाटसरूचं मरण तुझ्या माथी नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "सुईणीचं आहे."

सूळ त्यानं टाळला. तिनं चौकात पाणपोई चालवावी आणि प्रत्येकाला पाणी देण्याआधी पहिला घोट स्वतः घ्यावा, अशी शिक्षा दिली. तिनं ती जन्मभर भोगली. पुष्कळ लोक तिच्यासमोरून तहानलेलेच पुढे जात.

जातककथेच्या शेवटी त्या जन्मीचं कोण या जन्मी कोण झालं ते सांगायचं असतं. ती सुईण म्हणजे मोघेकाकूंचं पिल्लू, सासू म्हणजे आपली सोसायटी, आणि न्यायामात्य म्हणजे स्वतः तथागत. ही सत्यपारमितेची, म्हणजे खरेपणाच्या परमोच्च गुणाची कथा. सुतनुका कोण, ते मी गाळलं. पिल्लू पहिल्या दिवशी ओकलं तेव्हाच मी मोबाइलवर सगळं वाचलं होतं. शाल्मलीला बजावलं असतं तर तिनं धावत जाऊन काकूंना सांगितलं असतं.

 शाल्मली म्हणाली, "आई, मनुकांचं तुला कधी कळलं?"