हत्तीगवताची आच

“पौर्णिमेच्या मेजवानीचा सगळा स्वयंपाक गॅसवर झाला पाहिजे! लाकडाची एक ढलपी जरी दिसली, तर आचाऱ्याचं मुंडन करून गाढवावरून धिंड काढीन!” राजे धैर्यसेन गरजले.

आचारी म्हणजे केरोबा. डोक्यावर केस मोजकेच उरले होते, त्यामुळे मुंडनाचं त्याला फारसं वाईट वाटेना. पण गाढवाची त्याला लहानपणापासून भीती वाटायची.

राजांनी हौसेने महालामागे गॅसचा मोठा खड्डा बांधला होता. त्यात हत्तीगवत आणि शेण कुजायचं आणि गॅस नळीतून मुदपाकखान्यात यायचा. यायचा म्हणजे, आळस देत यायचा! दुधाला उकळी फुटायच्या आत दूध नासून जायचं.

“महाराज, गॅस जरा वाढला तर...” केरोबा चाचरला.

“वाढव की! पण गवताची एक काडी जास्त मिळणार नाही!”

राजांची रीत मोठी झोकाची होती. गवत हत्ती झाकेल एवढं उंच झाल्याशिवाय कापायचं नाही, असा हुकूमच होता. दर सोमवारी ढोल-ताशांच्या गजरात गाड्या भरून गवत यायचं आणि राजे स्वतःच्या हातांनी अख्खेच्या अख्खे भारे खड्ड्यात लोटायचे. मग आठवडाभर तिकडे कुणी फिरकत नसे.

चूक केरोबाला दिसत होती. पण महाराजांना तोंडावर सांगायची? छे! तेवढा शूर असता तर तो फौजेत नसता का गेला? झुरळ दिसलं तरी गडी ओट्यावर चढायचा. बोलणं आपल्याच्याने होणार नाही हे ओळखून त्याने ताट वाढायचं ठरवलं.

सोमवारी राजे जेवायला बसले. समोर परातीत ज्वारीची अख्खी कणसं, देठासकट जून भेंड्या, न चिरलेला भोपळा आणि मातीसकट सुरण, असा ढीग!

“हे काय आहे?”

“आठवड्याचं जेवण, महाराज. आजच संपवायचं. आता पुढच्या सोमवारी वाढीन.” केरोबाने खांब घट्ट धरला होता.

“वेड लागलं का तुला? चिरलं नाहीस, शिजवलं नाहीस! हे माझ्या पोटात जिरेल कसं?”

“खड्ड्याच्याही पोटात जिरत नाही, महाराज. त्याला फक्त ओरडता येत नाही!”

राजांनी भोपळ्यावर टिचकी मारली आणि परात बाजूला सारली.

“कर तुझ्या मनासारखं,” ते गुरगुरले. “पण पौर्णिमा लक्षात ठेव!”

केरोबाने तेवढ्याच वजनाचं, पण कोवळं गवत कापून आणलं. त्याची बारीक कुट्टी केली, शेण-पाण्याच्या काल्यात कालवली आणि रोज सकाळ-संध्याकाळ थोडी थोडी खड्ड्याला भरवली.

पौर्णिमेला निळी ज्योत फरफरत उठली. सवयीने फुंकर घालायला वाकलेल्या केरोबाची अर्धी मिशी गेली! पण पुरणपोळ्या टम्म फुगल्या आणि पाहुणे बोटं चाटत उठले.

“खरं सांग, हे कोणत्या पंडिताकडून शिकलास?” राजांनी विचारलं.

“पंडित कसला, महाराज! मेहुणीच्या लग्नात पैजेवर परातभर जिलब्या न चावता गिळल्या आणि आडवा झालो. वैद्यबुवा म्हणाले, हलकं खा, बारीक चावून खा, थोडं थोडं खा. मला काही ते जन्मात जमलं नाही. म्हटलं, एवढा चांगला सल्ला वाया कशाला घालवायचा? खड्ड्याला दिला!”

राजे इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसतच त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून केरोबाच्या गळ्यात घातला आणि भर पंगतीत त्याला खड्ड्याचा कारभारी नेमलं.