मोहोरवाडीने निवडलेले दोन खेळाडू

मोहोरवाडी गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. कुणी म्हणालं, "केरबा, जरा कान इकडं कर," की तो मान वाकडी करून कान पुढं करायचा. बोलणं संपलं तरी तसाच उभा. आता मान सरळ कर, असं कुणी सांगितलेलं नसायचं.

या गावाचा बास्केटबॉलचा संघ होता. जिल्ह्याच्या लीगमध्ये आठ संघ, त्यात मोहोरवाडी आठवी. यंदा चौदाच्या चौदा सामने हरले होते. पुढच्या वर्षी पुन्हा शेवटचे आलात तर संघ बंद, असं लीगनं कळवलं होतं. संघ बंद झाला तर मैदानावर शेळ्यांचा बाजार भरवायचा, हे पंचायतीनं ठरवूनही टाकलं होतं. दोनचार शेळ्या येऊन जागा बघून गेल्या होत्या.

लीगचा एक नियम मात्र दयाळू होता. जो संघ शेवटचा, त्यानं नव्या खेळाडूंतली पहिली दोन नावं आधी घ्यायची. मग बाकीच्यांनी.

संघाचे प्रशिक्षक हिंदुराव मास्तर. त्यांचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता. मग खेळाडू हेरायला पाठवायचं कुणाला? कमिटीत पाच जण. पाचांनाही भाचे होते, आणि मामांच्या मते पाचही भाचे जन्मजात खेळाडू होते. केरबाला भाचा नव्हता. तो मैदान झाडायचा, चेंडूत हवा भरायचा आणि कधी खोटं बोलायचा नाही. मास्तरांनी त्यालाच बोलावलं.

"केरबा, तालुक्याला जा. सगळ्यात उंच असेल तो माणूस घेऊन ये. आधी इथं खेळवून बघू."

"सगळ्यात उंच?"

"सगळ्यात."

केरबा गेला आणि संध्याकाळी एकाला घेऊन आला. माणसाच्या अंगावर निळा रंग सांडलेला. उंची मास्तरांच्या कुबडीएवढी.

"हा उंच?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तालुक्यात याच्यावर कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या टोकाला बसला होता, रंग देत. मी खालून हाक मारली ती त्याला तिसऱ्यांदा ऐकू आली."

रंगारी म्हणाला, "मला वाटलं तुमचीही टाकी रंगवायची आहे."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, माणूस आज कुठं आहे त्यावर जाऊ नये. पुढं कुठं जाणार आहे ते बघावं. तेच खरं पारखणं."

"असं व्हय. मग तसं सांगायचं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तालुक्याला गेला. मैदानावर रणधीर नावाचा पोरगा एकटाच सराव करत होता. साडेसहा फूट उंच. वीस चेंडू टाकले, एकोणीस जाळीत. केरबा त्याच्याजवळ गेला.

"दादा, तू पुढं कुठं जाणार?"

"घरी. जेवायला."

"लांब आहे का घर?"

"हे काय, समोरच."

केरबानं मान हलवली आणि तो एसटी स्टँडवर गेला. तिथं सगळ्यांना विचारत सुटला. कुणी कऱ्हाडला जाणार, कुणी पुण्याला. शेवटी बाकावर एक म्हातारी भेटली, बोचकं घेऊन बसलेली. केरबानं तिला मोहोरवाडीला आणलं.

"मास्तर, ही सगळ्यात पुढं जाणार. रामेश्वरला!"

म्हातारी मैदानाकडं बघत म्हणाली, "हे काय रे बाबा? टोपलीला बूड न्हाई?"

तिनं पायाशी पडलेला चेंडू उचलला आणि टाकला वर. चेंडू सरळ जाळीतून खाली. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"आजी, थांबता का आमच्याकडं?"

"नको रे लेका, गाडी चुकेल माझी."

आणि ती गेली. मास्तर बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. मग केरबाकडं वळले. "वय नको का बघायला? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. कोवळेपणीच ओळखावं लागतं."

"असं व्हय. मग तसं सांगायचं."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत एक बारसं होतं. केरबा सरळ पाळण्याशी गेला, दुपटं वर केलं आणि वीत लावून बाळाचे पाय मोजले. बायका पाळणा म्हणता म्हणता थांबल्या. केरबा म्हणाला, "हिंदुराव मास्तरांनी निवडलंय याला. जिल्ह्याच्या लीगसाठी!" बाळाच्या आईचा ऊर भरून आला. बाळ, आई, दोन आत्या आणि घुगऱ्यांचं पातेलं, असं सगळं टेंपोत बसून मोहोरवाडीला आलं.

"पाय बघा मास्तर," केरबा म्हणाला. "बारा दिवसांचा आहे, पण पाय बघा!"

मास्तरांनी बाळाला मांडीवर घेतलं. बाळानं त्यांचं प्लास्टर ओलं केलं. आत्यांनी विचारलं, "मग सराव कधीपासून?"

मंडळी घुगऱ्या वाटून परत गेली. मास्तर आता हळू आवाजात बोलत होते. दमलेला माणूस बोलतो तसं.

"केरबा, उद्या निवड. आता उंची नको, वय नको, पाय नको. तिथं सगळे खेळून दाखवतील. तू फक्त जाळीकडं बघ. चेंडू सगळ्यात जास्त कुणामुळं जाळीत जातात, ते मोज. ज्याच्याशिवाय एकही चेंडू पडणार नाही, त्याचं नाव घे. आणि एकदा घेतलंस की ठाम राहा."

"एवढंच ना? हे सोपं आहे."

निवडीला आठही संघांची माणसं जमली होती. तीस पोरं खेळली. केरबा पेन्सिल घेऊन जाळीकडं बघत बसला, पाणीसुद्धा प्यायला नाही. रणधीरनं चाळीस चेंडू टाकले, अडतीस जाळीत. सगळे टाळ्या वाजवत होते. लीगचे अध्यक्ष बापूसाहेब उभे राहिले.

"मोहोरवाडी, तुमची पहिली दोन नावं सांगा."

केरबा उठला. "तो. आणि तो."

"कोण? बोट नीट दाखवा."

"तो अलीकडचा खांब आणि तो पलीकडचा. रणधीरचे अडतीस पडले. या दोघांच्या जाळ्यांत मिळून चारशे सव्वीस पडले. ह्यांच्याशिवाय एकही पडला नसता. आणि दोघं दमलेसुद्धा नाहीत."

मैदान हसून हसून लोळायला लागलं. केरबा ठाम राहिला. बापूसाहेबांनी नियमांची वही दोनदा उलटीसुलटी केली. निवड माणसाचीच करावी, असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी दोन्ही खांब उपटून टेंपोत चढवले. बाकीच्या संघांना निवड पुढं ढकलावी लागली, कारण पोरांना पुन्हा खेळून दाखवायला मैदानावर काही उरलंच नव्हतं.

हे ऐकून हिंदुराव मास्तर दोन दिवस भिंतीकडं तोंड करून झोपले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बापूसाहेबांना फोन केला. अक्षरशः रडले. गावातली पोरं कुठं खेळणार, म्हणाले. तीस वर्षं त्यांनी ते मैदान शेणापासून वाचवलं होतं. बापूसाहेबांनाही गहिवरून आलं.

"रडू नका मास्तर. शुक्रवारी मी स्वतः येतो. आमचे खांब आम्हाला द्या, रणधीरला तुमच्याकडं ठेवून जातो. झालं गेलं विसरू."

शुक्रवारीच मास्तरांचं प्लास्टर निघायचं होतं. दवाखान्यात जाताना ते केरबाला म्हणाले, "पाहुणे येतील. चहा कर. आणि हात जोडतो तुला, आता तरी कुणाकडून फसू नकोस."

दुपारी मास्तर परतले. लंगडत, पण हसत. मैदानावर दोन्ही खांब आडवे पडलेले. केरबा त्यांना तेल लावून पुसत होता.

"पाहुणे आले होते का रे?"

"आले होते. चहा दिला."

"मग? रणधीर कुठाय?"

"घालवून दिला!" केरबा छाती पुढं काढून म्हणाला. "मास्तर, लई बेरकी माणूस तो बापूसाहेब. मी भोळा आहे असं वाटलं त्याला. आपले दोन न्यायला आला होता, आणि बदल्यात देत होता एक!"