बायजाबाईंची तबकडी

सन १९५८. मार्गशीर्षातली थंडी नुकती पडू लागली होती.

“सूची म्हणजे काय रे, वामन?” दाजीबुवांनी पुस्तक न उघडताच विचारलं.

मिरजेतल्या त्या खोलीत वामन चार वर्षं गाणं शिकला होता. आता सातशे तबकड्यांची त्याने केलेली सूची छापून आली होती. पहिली प्रत त्याने गुरूच्या पायांशी ठेवली होती.

“यादी, बुवा. कोणती तबकडी, कोण गायलं, सारं. या एका शब्दावर मी प्रस्तावनेत चार पानं लिहिलीत.”

“चार पानं. बरं... यादीच्या आधी अर्थ काय होता?”

“मूळ संस्कृतात सूची म्हणजे सुई.”

“ठाऊक आहे म्हणायचं.”

बुवांनी ग्रामोफोनच्या सुयांची डबी त्याच्याकडे सरकवली. वर एक तबकडी ठेवली.

वामनने तिच्यावरचा कागद वाचला. “मास्तर गजानन. पान बावन्न.” सारं पाठ होतं त्याला.

“लाव.”

त्याने किल्ली दिली, नवी सुई बसवली. भीमपलास सुरू झाला.

आवाज बाईचा होता.

त्या काळी गाणारी माणसं तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगत. गाणं संपलं नि खरखरीतून शब्द आले, “मी बायजाबाई सावळजकर.”

बुवांनी कानाच्या पाळीला हात लावला. आपल्या गुरूचं नाव आलं की ते असं करत. वामनने कितीदा पाहिलं होतं.

“कारखान्यात कागद चुकीचा चिकटला,” बुवा म्हणाले. “चिकटवणारा अडाणी असेल बिचारा. तू तर शिकलेला.”

“मी... कागदांवरून उतरवून घेतलं, बुवा.”

“सातशे?”

“...सातशे.”

“म्हणजे पंगतीला न बसताच ढेकर.”

वामनला मान वर करवेना. बाईंची जगात तेवढी एकच तबकडी होती, आणि त्याच्या पुस्तकात त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

तो चैत्रात परत आला. सातशेही ऐकून आला होता. एकोणीस नावं चुकली होती. दुकानांत, लोकांच्या घरी जाऊन त्याने तीनशे प्रतींत ती स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती. काही जण तोंडावर हसले होते.

बुवांनी बावन्नावं पान उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“फिटलं,” ते म्हणाले.

वामनने पिशवीतून बायजाबाईंच्या नावाचा नवा कागद नि खळीची वाटी काढली, तबकडी ओढली.

बुवांनी त्याचा हात धरला.

“राहू दे. वाचता आलं, तर पुढचा कोणी ऐकायचा नाही.”