समोरची रिकामी बाजू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नगराचं नाव काय ते मला विचारू नका. मलाही ते कोणी सांगितलेलं नाही.

त्या नगराला राजा नव्हता. शंभर पंच मिळून कारभार बघायचे. मोठं संकट आलं, तर एका सेनापतीच्या हाती सगळी सत्ता द्यायची, पण ती फक्त सहा महिन्यांपुरती. मुदत संपली की त्याने मुकाट्याने आपल्या शेतावर जायचं. फौजेने मात्र कायम नदीपलीकडे राहायचं. हत्यार घेऊन नदी ओलांडायची कोणाला मुभा नव्हती.

मत द्यायची त्यांची रीतही न्यारीच होती. सभागृहात समोरासमोर दोन बाजूंना बाक होते. सगळे पंच आधी उगवतीच्या बाजूला बसायचे. ठराव ज्याला पटला नाही, त्याने उठायचं आणि सगळ्यांच्या देखत चालत मावळतीच्या बाजूला जाऊन बसायचं. जिकडे माणसं जास्त, तिकडचा निर्णय. साधी रीत होती आणि तिने कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग एका वर्षी डोंगरापलीकडून लुटारू आले. गावंच्या गावं जाळत निघाले. पंचांच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यांनी एका सेनापतीला सत्ता देऊन टाकली. माणूस कर्तबगार, त्यात शंका नाही! लुटारूंना त्याने पार हुसकावून लावलं. शिपायांबरोबर जमिनीवर बसून जेवायचा, एकेकाला नावाने हाक मारायचा, जिंकलेली जमीन त्यांनाच वाटून द्यायचा. होता होता शिपाई नगराला विसरले. ते फक्त त्याला ओळखू लागले.

सहा महिने संपले त्या सकाळी लोक उठून बघतात तर काय, फौज नदीच्या अलीकडे! चौकाचौकात भालेवाले शिपाई. कोणाला मारत नव्हते, काही लुटत नव्हते. नुसते उभे होते. बाया पाण्याला गेल्या नाहीत, दुकानं उघडली नाहीत, रडणाऱ्या तान्ह्या मुलांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. सेनापतीचा पंचांना निरोप आला, "दुपारी सभा भरवा."

पंचांमध्ये दोन सख्खे भाऊ होते. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच धाकट्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. आता दोघांचेही केस पिकले होते. सभेला जाता जाता धाकटा म्हणाला, "दादा, तो मरेपर्यंतची सत्ता मागणार. मी उठणार आहे."

थोरल्याने त्याचा दंड धरला. "वेड लागलंय का तुला? ते भाले दिसत नाहीत?"

"दिसतात की. भीती मलाही वाटते. पण निम्म्याहून जास्त पंच उठले, तर तो काय करील? सगळ्यांना मारून राज्य कोणावर करील?"

"आणि कोणीच उठलं नाही तर?"

"तू तर येशील ना?"

"हे काय विचारणं झालं, बाळ?" थोरला रागावलाच. "तू उठलास की मी तुझ्या मागोमाग."

सभा भरली. भिंतीला पाठ लावून शिपाई उभे होते. सेनापती आला, वाकून नमस्कार केला आणि गोड आवाजात म्हणाला, "मंडळी, घाबरू नका. रीत मोडणारा मी नव्हे. मी मरेपर्यंत ही सत्ता माझ्याकडे राहावी, एवढाच ठराव आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल समोर जावं. इथे त्याला कोणी बोटसुद्धा लावणार नाही."

धाकटा उठला. त्याच्या वहाणांचा आवाज अख्ख्या सभागृहात ऐकू येत होता. तो चालत गेला आणि मावळतीच्या बाजूला, रिकाम्या बाकावर एकटा बसला.

थोरल्याने बाकाची कड धरली. आत्ता उठतो, तो मनात म्हणाला. शेजारचा हलला की उठतो. शेजारच्याने मान खाली घातली होती. पलीकडच्यानेही. बरं, ह्या खांबाजवळचे उठले की उठतो. खांबाजवळचे पुतळ्यासारखे बसले होते.

"दादा," समोरून धाकट्याने हाक मारली. "ये ना."

थोरला आपल्या पायांकडे बघत राहिला.

"एक तिकडे आणि बाकी सगळे इकडे," सेनापती म्हणाला. "ठराव मंजूर." मग धाकट्याकडे बघून तो हसला. "धाडसी माणूस आहे. घरापर्यंत त्याची सोबत करा रे."

चार शिपायांनी सोबत केली. सेनापतीने शब्द पाळला. सभागृहात कोणी बोट लावलं नाही. धाकटा घरी पोहोचलाच नाही. दिवस मावळायच्या आत त्याचं प्रेत नदीकाठी सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पंच स्मशानात आले. चितेला अग्नी देऊन थोरला मागे वळला, तर शेजारी बसणारा पंच त्याचा हात धरून हुंदके देऊ लागला. "मी उठणारच होतो हो! तुम्ही सख्खे भाऊ. तुम्ही उठलात की उठायचं, असं मी घरून ठरवूनच आलो होतो."

"मीही," मागून दुसरा म्हणाला. "डोळे तुमच्यावरच लावून बसलो होतो."

"मीही," तिसरा म्हणाला. मग चौथा. मग कितीतरी जण.

थोरला मटकन खाली बसला. निम्म्याहून जास्त माणसं त्याच्या एका पावलाची वाट बघत होती, आणि तो त्यांची! त्याने कपाळावर हात मारून घेतला, धाय मोकलून रडला. मग ताडकन उठला. "चला. आत्ताच्या आत्ता चला. आता मी पुढे होतो."

सगळे त्याच्यामागे सभागृहाकडे निघाले. दार उघडं होतं. आत सुतार काम करत होते. मावळतीचे सगळे बाक उखडून त्यांनी बाहेर रचले होते आणि त्या जागी भालेवाल्यांची रांग उभी होती.

"या, या," सेनापती म्हणाला. "सगळे एकमताचे आहात, मग ती बाजू कशाला हवी? आजपासून मतं घ्यायची गरज नाही."

"मला तुझी सत्ता मान्य नाही!" थोरला ओरडला.

"कालच सांगायचंत की," सेनापती अगदी आदराने म्हणाला. "काल मी विचारलं होतं."

थोरल्याने मागे वळून बघितलं. त्याच्याबरोबर आलेले पंच एकेक करून आपापल्या जुन्या जागी जाऊन बसत होते. त्याला कोणी हात लावला नाही. लावायची गरजच उरली नव्हती. पुढे तो सेनापती मरेपर्यंत त्या नगराचा धनी होता, आणि थोरल्याला रोज सभेला यावं लागायचं. बसल्या बसल्या त्याला समोरून हाक ऐकू यायची आणि तो दचकायचा.

तेव्हा लहानथोर सगळ्यांनीच ध्यानात ठेवा: अन्याय दिसला तर दुसरा उठायची वाट बघू नका, कारण तो दुसराही तुमचीच वाट बघत असतो.