ठकूबाईचा दगड

मला सांगायला लावू नका, असं पाळकसाहेबांना मी दहादा म्हटलं. माझी चौथीसुद्धा धड झाली नाही. पण पाहुणे येतात, आमच्या ख्रिस्ती देवळाच्या दाराबाहेरच्या त्या काळ्या दगडाचे फोटो काढतात, आणि हे कशाचं म्हणून मलाच विचारतात. म्हणून एकदाच लिहून देतो. पुन्हा विचारायचं नाही.

आमचं करंजमळा गाव नवं नवं ख्रिस्ती झालं तेव्हाची ही गोष्ट. ऐन बाजरीच्या सुगीत एक परका उपदेशक आला आणि प्रभू अमक्या दिवशी परत येणार म्हणून तारीखच सांगून बसला, असं सांगतात. गावच्या ख्रिस्ती मंडळीचा मुख्य पंच नाथान शेलार. माणूस भला, पण घाईचा. त्यानं सगळ्यांना विळे खाली ठेवायला लावले. धुतलेले कपडे घालून माणसं टेकडीवर जाऊन बसली. खाली कणसं उभी.

एकटी ठकूबाई भिंगारदिवे, विधवा बाई, आपली बाजरी कापत राहिली. नाथान बांधावर आला.

“मावशी, प्रभू येतोय आणि तू बाजरी कापतीस? खाणार कोण?”

“तोच खाईल की. लांबून येतोय, भूक लागली असंल त्याला.”

“तुझा विश्वास नाही.”

“त्याच्यावर हाय. तारखेवर नाय.”

नाथानला राग आला. त्यानं त्याच दिवशी तिला मंडळीबाहेर काढलं. देवळाची पायरी चढायची नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं.

तो दिवस उजाडला तसा मावळला. कोणी आलं नाही. उपदेशक कधीच निघून गेला होता. लोक माना खाली घालून टेकडी उतरले, तर वावरात पाखरांनी दाणे टिपून नुसती रिकामी कणसं ठेवलेली. मग ठकूबाई सूप घेऊन घरोघर फिरली म्हणे. प्रत्येक घरी बाजरी ओतली. नाथानच्याही घरी ओतली. लोकांनी भाकरी खाल्ली. चुकलो म्हणायला मात्र कुणाचं तोंड उघडलं नाही.

ती दर रविवारी यायची आणि दाराबाहेरच्या दगडावर बसायची. आतलं गीत बाहेरून म्हणायची. शेजारीण एकदा म्हणाली, “मावशी, ये की आत आपणहून. कोण अडवतंय?”

“मी बाहेर गेले नव्हते बाई, मला काढलं होतं. ज्यानं काढलं तो हात धरून नेईल. प्रभूची वाट बघतेच हाय, त्यात नाथानची. येतील दोघं.”

नाथानच्या कानावर हे गेलं होतं. पण त्याला वाटलं, नाताळला सगळ्या मंडळीनं मिळून तिला आत आणू, नवं लुगडं देऊ. एवढी बाई थांबली, अजून थोडी थांबेल. बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तेही नाताळची वाट बघत राहिले.

नाताळाआधीच्या रविवारी गीत झालं, आणि बाहेरचा आवाज आलाच नाही. बाहेर येऊन पाहतात तर ठकूबाई भिंतीला डोकं टेकून बसलेली, गेलेली. तिला खाटेवर घालून त्याच दारातून आत नेलं. नाथान खाटेच्या बाजूनं तिचा हात धरून चालला. प्रभू तिच्याकडं वेळेवर आला, मी नाही आलो, असं तो म्हणाला म्हणे. पुढं तो पुन्हा कधीच पंच झाला नाही.

तो दगड थंडीतही ऊब धरतो, असं बाया सांगतात. मी हात लावून पाहिलाय. चांगला गार असतो.

आजही नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ज्याचं मन दुखावलंय तो त्या दगडावर जाऊन बसतो. ज्यानं दुखावलं त्यानं यायचं, हात धरायचा आणि आत न्यायचं. तिसरं गीत संपेपर्यंत दार उघडं राहतं. कोणी आलं नाही तर पाळक स्वतः येऊन त्याला आत नेतात, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा बसतो.

मीही बसतो. गुडघे कुरकुरतात, तरी बसतो, कारण येणारा येईल असं मला अजून वाटतं. सुगीच्या सणातला अर्पणाचा कोंबडा मी पळवला, असं तो भर मंडळीत म्हणाला होता. कोंबडा संध्याकाळी त्याच्याच छपरावर सापडला. तो माझा सख्खा साडू, आशेर दुशिंग.